बुधवारची साडेसहाची गाडी

"कार्ड आहे का?"

"कार्ड काढायलाच चाललोय की भाऊ."

बुधवारी सकाळी साडेसहाच्या गाडीत हे बोलणं माझं आठ-दहा वेळा तरी होतं. मी एसटीत कंडक्टर, बावीस वर्षं झाली. आमचा तालुका जिल्ह्याच्या पार टोकाला, दुष्काळी पट्ट्यात. डेपोतून चार फाटे ओलांडले की कर्नाटक. म्हाताऱ्या बायका चढताना कानडीत "एष्टु री?", म्हणजे किती झाले, विचारतात आणि सुट्टे नाहीत म्हटलं की दोन्ही भाषांत शिव्या घालतात. जिल्ह्याचं ठिकाण इथून ९४ किलोमीटर. बुधवार हा तिथल्या सरकारी दवाखान्यात बोर्डाचा दिवस. बोर्ड म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणारे डॉक्टर. "बोर्डाला चाललोय" एवढं म्हटलं की अख्ख्या गाडीला कळतं आणि कुणीतरी पिशवी मांडीवर घेऊन सरकून बसतं.

आता गंमत बघा. एसटीत दिव्यांग प्रवाशाला तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त हवं, आणि तसं कार्ड हवं. म्हणजे ज्याच्याकडे कार्ड आहे तो चतकोर पैशात जातो. जो कार्ड काढायला चाललाय, तो मात्र पूर्ण तिकीट काढतो, दीडशेच्या वर. येता-जाता दुप्पट. गुडघ्याखाली पाय नाही हे मला दिसतं, ड्रायव्हरला दिसतं, खिडकीत बसलेल्या पोराला दिसतं; तिकीट मशीनला दिसत नाही. मी मनाने सवलत मारली तर पुढच्या फाट्यावर लाईन चेकिंग उभं असतं आणि केस माझ्यावर होते. एकदा घेतलीय अंगावर. ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

२०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून बोर्डाला पोराला घेऊन बाप येणं जवळजवळ बंद झालं. बाप आला तर पूर्ण पडतं, आई आली तर निम्मं. योजनेचं नाव महिला सन्मान. आमच्या गाडीत तो सन्मान म्हणजे अकरा वर्षांचं पोर कडेवर घेऊन चढणारी बाई आणि तिची कंबर.

मी हे सगळं लांबून बघणारा माणूस नाही. आमची चिमी सतरा वर्षांची आहे. सेरेब्रल पाल्सी. जन्मली तेव्हा रडायला उशीर लागला, पुढचं सगळं त्यातूनच. ऐकू येतं, सगळं कळतं, बोलता येत नाही. पाय कडक, उभं धरलं की कात्रीसारखे एकमेकांवर येतात. तिची आई बसताना गुडघ्यांच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवते, नाहीतर मांड्यांची कातडी घासून लाल होते. गाडीत घ्यायचं तर मी खाली उभा राहून काखेत धरतो, आई वरून ओढते. पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. पायऱ्या तीनच, पण पहिलीच खरी.

आणि घंटी. डबल बेल वाजली की चिमीचं अख्खं अंग ताडकन ताठ होतं, हात वर जातात, मान मागे. अचानक आवाजाला अशी मुलं जास्त दचकतात, हे मला डॉक्टरांनी नाही, घंटीनेच शिकवलं. त्यामुळे ती गाडीत असली की मी दोरी ओढत नाही. पत्र्यावर तळहाताने दोनदा थोपटतो. ओळखीच्या ड्रायव्हरला कळतं. नवीन असला तर निघायच्या आधी सांगून ठेवतो. तो आधी हसतो, मग मागे वळून बघतो, मग हसत नाही.

चिमीचं प्रमाणपत्र आम्ही तीनदा काढलंय. पहिलं २०११ ला, तीन वर्षांची असताना, कागदी, फोटोवर अर्धा शिक्का. ७५ टक्के. मग सांगितलं, कागदी चालणार नाही, ऑनलाइन काढा; २०१४ ला गेलो. ८२ टक्के. मग दिव्यांगांसाठी देशभर एकच ओळखपत्र, यूडीआयडी कार्ड निघालं, २०१९ ला परत गेलो. ८० टक्के. टक्केवारीतला हा फरक चिमीत नव्हता, बोर्डात होता. शेवटच्या वेळी सहा तास बसलो आणि आत जाऊन बाहेर येईपर्यंत तीन मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांचंही मी समजू शकतो, बाहेर दीडशे माणसं होती. पण तीन मिनिटं बघायला १८८ किलोमीटर, हा हिशोब कंडक्टरच्या डोक्यात राहतोच. आमचं डोकं किलोमीटरवरच चालतं.

निळं कार्ड मिळालं. ८० किंवा जास्त असेल तर निळं, ४० पासून ८० च्या आत पिवळं, ४० च्या खाली पांढरं. पांढऱ्या कार्डावर फारसं काही मिळत नाही. ३८ टक्के मिळालेला माणूस परतीच्या गाडीत कसा बसतो, ते मी बघितलंय. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी सांगितलेल्या असतात: तुझ्यात दोष आहे, आणि तो पुरेसा नाही.

आधारचं तर वेगळंच. पंधराव्या वर्षी मुलांचे बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात. चिमीची मूठ बंद असते. ती उघडायची एक पद्धत आहे: मनगट आधी आत वाकवायचं, मग अंगठा बाजूला घ्यायचा, मग एकेक बोट, घाई न करता. जबरदस्ती केली तर मूठ अजून आवळते. केंद्रावरच्या पोराने दोनदा काचेवर बोट दाबलं, दोनदा मशीनने नाही म्हटलं. रांग कुरकुरायला लागली. तिच्या आईने पिशवीतून गरम पाण्याचा थर्मास काढला, रुमाल भिजवून हात शेकला, वीस मिनिटं. तेवढ्या वेळात रांगेतली माणसं आपोआप गप्प झाली आणि एका मावशींनी थर्मास धरला. तिसऱ्या वेळी चार बोटं आली, बाकीची अपवाद म्हणून घातली. अपवादाची सोय त्या यंत्रणेत आहे, बरं का. ती आहे हे फक्त त्या पोराला माहीत नव्हतं.

मोजायला मी कधी लागलो, त्याचा नेमका दिवस सांगता येणार नाही. खिशात डायरी असतेच. एका बुधवारी गंमत म्हणून खुणा केल्या. बोर्डाला चाललेले किती, त्यातले आधी येऊन गेलेले किती. माझी ड्युटी बदलती असते, म्हणून आणखी दोघा कंडक्टरांना सांगून ठेवलं. त्यांनी आधी माझी टर उडवली आणि मग माझ्यापेक्षा नीट मोजलं. तेरा बुधवार झाले. ११८ माणसं. त्यातली ४७ आधी किमान एकदा जाऊन हात हलवत परत आलेली. का परत आलात, हेही विचारत गेलो. हाडांचे डॉक्टर रजेवर. आधारवर जन्मतारीख वेगळी. टोकन संपलं. सर्व्हर बंद. पोरगं शाळेत जातं तर शाळेचा दाखला आणा. कानाची ती तपासणी आमच्याकडे होत नाही, दुसऱ्या जिल्ह्यात जा. एका बाईला नवऱ्याचं नाव आणि वडिलांचं नाव यात घोळ म्हणून चार वेळा. चौथ्या वेळी तिने मला तिकिटाचे पैसे दिले आणि म्हणाली, "भाऊ, पास काढून देता का आता?"

आमच्या गट साधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या ऑफिसात, एक विशेष शिक्षिका आहेत. सगळ्या केंद्रांच्या शाळा एकट्या फिरतात, आठवड्यातून एकदा चिमीकडे येतात. त्यांना मी माझं पहिलं निवेदन दाखवलं. चार पानी. त्यात 'आमच्या वेदना कोण जाणणार' वगैरे होतं. बाईंनी लाल पेनाने तीन पानं काढून टाकली. म्हणाल्या, "साहेबांना वाईट वाटेल असं लिहू नका. साहेबांना उत्तर द्यावं लागेल असं लिहा."

मग एक पान लिहिलं. ११८ माणसं, प्रत्येकी १८८ किलोमीटर, एकूण २२,१८४ किलोमीटर, तीन महिन्यांत, एका गाडीतून, एका तालुक्यातून. एवढ्या अंतरात पृथ्वीला अर्ध्याच्या वर फेरा होतो. त्याऐवजी चार डॉक्टर एका गाडीत बसून महिन्यातून एकदा आमच्या ग्रामीण रुग्णालयात आले, तर तीन महिन्यांत ५६४ किलोमीटर. खाली सही, मोबाईल नंबर, बिल्ला नंबर. बिल्ला नंबर बाईंनीच घालायला लावला.

ते पुढे कुठे गेलं ते सांगतो, पण त्याआधी ग्रामसभेचं सांगायला पाहिजे, कारण तिथे मी तोंडावर पडलो.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, जे काही स्वतःचं असेल त्यातले. आमच्या गावचं स्वउत्पन्न ६ लाख ४० हजारांच्या आसपास, म्हणजे ३२ हजार. गावात नोंदलेले दिव्यांग चौदा. मागची दोन वर्षं तो निधी वाटलाच गेला नव्हता. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात विचारलं, तेव्हा 'अखर्चित' असा शब्द आला. तो शब्द घेऊन मी ग्रामसभेत उभा राहिलो. सरपंचांनी फार ताणलं नाही, वाटून टाकू म्हणाले. एका वर्षाचे डोई २,२८५ रुपये.

इथे मला शहाणपण सुचलं. मी म्हटलं, वाटू नका. एवढ्याशा रकमेत कुणाचं काय होतंय? त्यापेक्षा शाळेच्या संडासाला दांडा बसवा, पंचायतीच्या पायरीला उतार करा, आणि उरलेल्या पैशात वर्षाचे चार बुधवार वडापची जीप ठरवा, सगळ्यांना एकत्र बोर्डाला नेऊ. मला वाटलं टाळ्या पडतील.

मागून अण्णा उठले. अण्णांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला, एसटी स्टँडच्या तोंडाला त्यांचं पंक्चरचं दुकान आहे. हाताने चालवायच्या सायकलवरून येतात. म्हणाले, "वर्षातून एकदा पंचायतीच्या वहीत माझ्या नावापुढे रक्कम येते, ती माझ्या हातात पडते. त्याचं काय करायचं ते मी ठरवतो. टायर घेईन, दारू पिईन. तुझी वडाप माझ्या नावावर नाही." कुणीतरी हसलं. अण्णा हसले नाहीत. "आणि दांडा, उतार हे पंचायतीचं काम आहे. ते आमच्या पाच टक्क्यांतून कशाला? रस्त्याला डांबर टाकता तेव्हा धडधाकट माणसांच्या पैशातून टाकता का?"

माझा ठराव पडला. चिमीच्या वाट्याचेही २,२८५ आले. रात्रभर मी अण्णांवर चिडून होतो. सकाळी मुक्कामी गाडी काढताना लक्षात आलं की पगारदार माणूस मी, आणि दुसऱ्याच्या पैशाचं नियोजन करायला उभा राहिलो होतो. उताराचं त्यांचं म्हणणं कायद्यालाही धरून होतं. सार्वजनिक जागा वापरण्याजोगी करणं हे त्या त्या संस्थेचं काम, भीक नव्हे. पुढच्या सभेत अण्णांनीच उताराचा ठराव वेगळ्या शीर्षाखाली मांडला आणि झाला. उतार मात्र इतका उभा बांधलाय की अण्णांची सायकल चढते आणि उतरताना दोन माणसं धरावी लागतात. गवंड्याला काय सांगायचं ते आम्हालाही माहीत नव्हतं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. आता माहीत झालं.

दिव्यांग हा शब्द सरकारी तोंडात २०१५ च्या शेवटापासून आला. त्याआधी अपंग. अण्णा म्हणतात, काहीही म्हणा, पायरी तेवढीच उंच आहे.

तर, निवेदन. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकशाही दिन असतो, जिल्हाधिकारी साहेब लोकांच्या तक्रारी ऐकतात. पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. माझा नंबर दुपारी आला. साहेबांनी पान वाचलं आणि काही न बोलता मोबाईलवर गुणाकार केला. २२,१८४ बरोबर आलं. "हे कुणी मोजलं?"

"मी, साहेब. तिकिटं देता देता."

"तुम्हाला यातून काय मिळणार?"

हा प्रश्न मला अजूनही नीट कळलेला नाही. पण मी म्हटलं, "बुधवारची गाडी मोकळी मिळेल." ते हसले. आरोग्य खात्याच्या साहेबांना तिथेच विचारलं. डॉक्टर कमी आहेत, मशीन नाहीत, ग्रामीण रुग्णालयात इंटरनेट धड नाही, अशी उत्तरं आली. खोटं त्यातलं एकही नव्हतं. तरी दीड महिन्याने फोन आला: ऑगस्टमध्ये शिबिर घेतोय, माणसं गोळा करा.

मी अशी गोळा केली की विचारू नका. तीन कंडक्टर, बाई, अंगणवाडीच्या ताया, अण्णांचं दुकान. सगळीकडे एकच निरोप: सगळे या. ९६ जण आले. रुग्णालयाचा उतार ज्या दारापाशी जातो त्या दाराला आतून कुलूप, किल्ली सापडेपर्यंत अकरा वाजले. इंटरनेट दोनदा गेलं. हाडांचे आणि डोळ्यांचे डॉक्टर जेवायला न उठता तपासत होते, त्यांना हात जोडावे तेवढे थोडे. तरी ५८ च झाले.

आणि कानवाले. बहिरेपणाचं प्रमाणपत्र नुसतं विचारून मिळत नाही. मोठ्या माणसाची आवाज बंद खोलीत मशीनवर तपासणी लागते, लहान मुलाची बेरा नावाची. डोक्याला तारा लावून, मूल झोपवून करतात. यातलं आमच्या रुग्णालयात काहीच नाही, त्या दिवशी येणारही नव्हतं. हे मला ठाऊक नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. एक जोडपं चार वर्षांच्या मुलीला घेऊन सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत बसलं, कारण कंडक्टरभाऊंनी सगळे या म्हणून सांगितलं होतं. चार वाजता त्यांना हे सांगायला मीच गेलो. बाप म्हणाला, "ठीक आहे, बुधवारी येऊ तुमच्या गाडीला." याच्यापेक्षा तो शिव्या देता तर बरं झालं असतं.

शिबिर चार महिने नीट चाललं. मग आचारसंहिता लागली आणि थांबलं. आचारसंहिता गेली, शिबिर आलं नाही. मी पुन्हा डायरी काढली, पुन्हा पान लिहिलं. आता दोन महिन्यांतून एकदा होतं. कानाचं अजून नाही. मनोरुग्ण आणि मतिमंदत्वासाठीचे डॉक्टर एका आड एक शिबिराला येतात. निघताना मी प्रत्येकाला कुठल्या महिन्यात कोण आहे ते सांगतो. माझी डायरी आता बस स्टँडवरच्या फळ्यासारखी झालीय.

लोक म्हणतात, सरकार काहीच करत नाही. तसं नाही. २०१६ चा हक्कांचा कायदा चांगला आहे. २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला, आधीच्या ७ प्रकारांचे २१ प्रकार झाले. महाराष्ट्रात २०२२ च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा वेगळा विभाग झाला. संजय गांधी निराधारचे ६०० चे १०००, मग १५००, आणि आता दिव्यांगांना २५०० केलेत. फक्त त्याला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. तीनशे रुपये हजेरीवर जाणारा माणूस वर्षातले १७० दिवस कामाला गेला तरी ५१ हजार होतात. म्हणजे खरा दाखला काढला तर वर्षातून सहा महिने रिकामं बसलेलाच पात्र. मग तलाठ्याकडून कुठला आकडा लिहून आणतात हे सगळ्यांना माहीत असतं. माणसाला २५०० रुपये द्यायच्या आधी त्याला खोटं बोलायला लावायचं, ही पद्धत मला पटत नाही. मी पगारदार, चिमीचा तिथे प्रश्नच नाही, म्हणून एवढं मोकळेपणाने लिहितोय.

आणि जे २०२४ ला झालं ते उलट्या दिशेचं वाटतं. बनावट प्रमाणपत्राचं एक प्रकरण त्या वर्षी देशभर गाजलं. त्याच ऑक्टोबरात नियम बदलले. पूर्वी अर्ज केल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायचं होतं, त्याचे तीन महिने झाले. अर्ज दोन वर्षांहून जास्त निर्णयाविना पडला तर तो बाद, नव्याने करा. २०२१ च्या जूनपासून सगळं यूडीआयडीच्या पोर्टलवरच, म्हणजे कुठे अडकलंय हे दिसायला तरी हवं. पण दिसतं ते सायबर कॅफेवाल्याला, तीस रुपये घेऊन. चोर पकडायला नियम कडक करा, माझी ना नाही. लाईन चेकिंग मलाही लागतंच. पण आमच्या चेकिंगमध्ये साहेब गाडीत येतात. प्रवाशाला तिकीट तपासून घ्यायला ऑफिसला बोलवत नाहीत.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांच्या वर दिव्यांग मोजले. तेव्हा प्रकार आठच विचारले होते. पुढच्या मोजणीत आकडा वाढणार हे सांगायला तज्ज्ञ नको. तेवढी माणसं ३६ जिल्ह्यांच्या ठिकाणी बुधवारी बोलवून भागणार नाही.

माझी मागणी एवढीशी आहे आणि ती मी डेपोतून वर पाठवलीय. पोर्टलवर अर्ज केला की पावती मिळते, तिच्यावर नंबर असतो, तपासणीची तारीख पडते. त्या तारखेला ती पावती दाखवली की जायचं-यायचं तिकीट सवलतीत द्या. एका दिवसापुरतं. मशीनमध्ये सवलतीचे इतके प्रकार आहेत, आणखी एक बटण. उत्तर आलं: आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव संबंधितांकडे वर्ग करण्यात आला आहे. संबंधित कोण ते शोधतोय. वाचणाऱ्यांपैकी कुणी संबंधित असेल तर कळवा.

सुरुवातीला लिहिलेला तो गुडघ्याखाली पाय नसलेला माणूस मागच्या महिन्यात गाडीत चढला. शुक्रवार होता. मी सवयीने विचारलं, बोर्डाला का? त्याने शर्टाच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पिवळं कार्ड काढलं आणि माझ्यापुढे धरलं, सोडलं नाही. "बोर्डाला कशाला? मेव्हण्याकडं चाललोय. मटण आहे." मी बटण दाबलं, चतकोर तिकीट आलं. त्याने ते दोनदा वाचलं.

चिमी येत्या मार्चमध्ये अठराची होईल. अठरा झाली की कायद्याने सज्ञान. बँकेत, कागदावर तिच्या वतीने सही करायला आम्ही आई-बाप आहोत एवढं पुरत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा आहे १९९९ चा, त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. तिच्याकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यायचं. तिला सोबत आणा म्हणालेत. म्हणजे पुन्हा साडेसहाची गाडी. रजा टाकलीय, त्या दिवशी मी प्रवासी. कंडक्टर कोण असेल ते अजून कळलेलं नाही. घंटीचं त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायला पाहिजे.